डोकेदुखीची गोळी आणि ड्यूटीचा तक्ता



रेल्वेच्या कुठल्याही लॉबीत जा, रनिंग रूममध्ये जा, शेडच्या टाइम ऑफिससमोर उभे राहा, नाहीतर पोस्टाच्या काउंटरमागे जाऊन बसा. जेवणाच्या डब्याशेजारी एक वस्तू हमखास दिसेल. ती म्हणजे डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. कुणी ती शर्टाच्या खिशात ठेवतो, कुणी पाकिटात, कुणी लाइन बॉक्समध्ये. एकमेकांना तंबाखू द्यावी तशी आपली माणसे एकमेकांना गोळी देतात. गोळी घ्यायची, वर चहा ढोसायचा आणि सही करून कामाला लागायचे. महिन्यातून एखाद्या वेळी असे झाले तर कुणी बोलणार नाही. पण ज्याचे डोके महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस दुखते, त्याच्या दुखण्याला काय म्हणायचे?

प्रशासनाचे उत्तर तयार आहे. ते म्हणते, ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक बाब आहे. चष्म्याचा नंबर तपासा, तिखट कमी खा, मोबाइल कमी बघा आणि अगदीच वाटले तर २१ जूनला सतरंजी घेऊन योगासनांना या. आता योगासनांना आमचा विरोध नाही. ज्याला जमते त्याने जरूर करावीत, फायदाच होतो. परंतु रात्री दोन वाजता कॉल देऊन उठवलेल्या माणसाला सकाळी सात वाजता शवासन शिकवायचे, याला उपचार म्हणत नाहीत. याला थट्टा म्हणतात.

मी हे बंगळूरच्या के. आर. पुरमहून लिहितो आहे. कृष्णराजपुरम हे त्याचे पूर्ण नाव. चेन्नईकडे जाणारी लाइन, जवळच लोको शेड, बाजूला आय.टी.आय. कारखान्याची दूरवाणीनगर वसाहत, वर तारांवर टांगलेला पूल आणि त्याखाली सकाळ-संध्याकाळ तुंबलेला आउटर रिंग रोड. बेळगाव, हुबळी, मिरज, सोलापूरकडची बरीच मराठी माणसे बंगळूर विभागात नोकरीला आहेत. पूर्वी फक्त डिझेलचे असलेल्या शेडमध्ये आता विजेची इंजिनेही आली आहेत, आणि ज्यांनी उमेदीची वर्षे डिझेल इंजिनाचे पोट उघडण्यात घालवली ते पन्नाशीत नव्याने सर्किटचे नकाशे वाचताहेत. पलीकडे व्हाइटफील्डला संगणकावर काम करणारी लाखभर पोरे याच रस्त्याने जातात आणि त्यांचीही डोकी दुखतात. म्हणून आमचे साहेबही म्हणतात, "अहो, आजकाल सगळ्यांचेच डोके दुखते." दुखत असेल. पण त्या पोराच्या पाठीमागे चोवीस डबे आणि दीड हजार प्रवासी नसतात.

बंगळूरचा उल्लेख करण्याला आणखी एक कारण आहे. मेंदू व मन यांच्या आजारांची देशातली मोठी संस्था निम्हान्स याच शहरात आहे. १९७४ च्या मे महिन्यात आपला देशव्यापी संप झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही संस्था स्थापन झाली. तिथल्या डॉक्टरांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर बंगळूर शहर व आसपासच्या खेड्यांत सव्वादोन हजारांहून अधिक प्रौढ माणसांची डोकेदुखीबद्दल चौकशी केली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष छापले. वर्षभरात डोके दुखले असे सांगणारे शंभरात साठांहून जास्त निघाले. मायग्रेन म्हणजे अर्धशिशीचे प्रमाण शंभरात पंचवीसच्या आसपास, आणि ज्याला डॉक्टर ताणाच्या जातीची डोकेदुखी म्हणतात तिचे पस्तीसच्या आसपास. महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक दुखणारे शंभरात तीन. स्त्रियांमध्ये त्रास पुरुषांपेक्षा जास्त, आणि मायग्रेन तर शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळले. तेव्हा हा शहरी, गुबगुबीत माणसांचा रोग आहे ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका.

ही पाहणी सर्वसाधारण लोकांची होती. रात्रपाळीच्या माणसांची, रनिंग स्टाफची, काउंटरवर बसणाऱ्यांची नव्हती. आपल्या दोन्ही खात्यांनी स्वतःच्या माणसांची अशी पाहणी करून घ्यावी आणि आकडे छापावेत, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. जे मोजले जात नाही ते पी.एन.एम.च्या टेबलावर येत नाही, हे आपल्याला तीस-तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.

आता ताणाने डोके दुखते म्हणजे नेमके काय होते? मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, डॉक्टर नाही. पण जाणकारांना विचारून जे समजले ते साध्या भाषेत सांगतो. घट्ट फेटा बांधल्यासारखे दोन्ही बाजूंनी आवळणारे, मानेतून वर चढणारे, ठणके न मारता दिवसभर बसून राहणारे दुखणे, हे ताणाच्या डोकेदुखीचे रूप. माणूस सतत सावध असला की मान, खांदे, जबडा आणि कपाळ यांचे स्नायू आखडलेलेच राहतात. आठवडा-पंधरवडा असे चालले तर दुखणे येते आणि जाते. महिनोन् महिने चालले तर वेदनेचा निरोप वाहणाऱ्या नसा आणि मेंदू स्वतःच हळवे होतात, मग थोड्याशा कारणानेही घंटा वाजू लागते. सिग्नलच्या भाषेत सांगायचे तर रिले इतका नाजूक होतो की गाडी नसतानाही ट्रॅक ऑक्युपाइड दाखवतो. दुखणे खोटे नसते. यंत्रणाच बदललेली असते.

म्हणून "काही नाही, नुसता मनाचा खेळ आहे" असे म्हणणारा अधिकारी असो की आपल्यातला एखादा पहिलवान कार्यकर्ता, दोघेही अडाणी आहेत. चिंतेने दुखणे वाढते, दुखण्याने झोप जाते, झोप गेल्याने चिंता वाढते. या रहाटगाडग्यात माणूस कुठूनही शिरू शकतो. एक गंमत अशी की मायग्रेनवाल्यांचे डोके पुष्कळदा ड्यूटीवर नाही, तर ड्यूटी संपल्यावर, रेस्टच्या दिवशी उठते, कारण ताण एकदम उतरणे हेही एक निमित्त असते. घरची बाई म्हणते, "नोकरीवर ठणठणीत आणि घरी आले की कपाळाला फडके!" साहेब म्हणतो, "रेस्टला दुखते, मग कामाचा काय संबंध?" संबंध तोच आहे.

आपल्या कामात हे रहाटगाडगे कोण फिरवते ते पाहू. झोप मोडणे, जेवणाची वेळ चुकणे, पाणी कमी पिणे आणि मनातली धास्ती, ही डोकेदुखीची चार जुनी निमित्ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील. लोको पायलटच्या एका फेरीत चारही एकत्र येतात. इंजिनात बहुतेक ठिकाणी शौचालय नाही, म्हणून माणूस पाणी पीत नाही. हे विशेषतः आमच्या महिला लोको पायलट भगिनींना विचारा. बारा बारा तास घशाला कोरड आणि पोटात भूक असताना डोके दुखले नाही तरच नवल. जेवणासाठी व नैसर्गिक विधीसाठी ठरलेला वेळ द्या, ही मागणी अनेक वर्षांची. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने ती व्यवहार्य नाही म्हणून फेटाळली. कॅबमध्ये कॅमेरा व आवाज नोंदवणारे यंत्र बसवणे मात्र व्यवहार्य आहे! माणसाने जांभई दिली तर ती नोंदवायला पैसा आहे, ती जांभई का आली हे विचारायला माणूस नाही.

धास्तीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्याबद्दल आपण एकमेकांतही बोलत नाही. लाल सिग्नल ओलांडला, ज्याला आपण स्पॅड म्हणतो, की नोकरीवरच गदा. १७ जून २०२४ रोजी न्यू जलपाईगुडीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. अपघाताच्या दिवशीच रेल्वे बोर्डाने मालगाडीच्या लोको पायलटकडे बोट दाखवले. तो त्या अपघातात मेला होता, उत्तर द्यायला उरला नव्हता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की दिलेली लेखी परवानगीच योग्य नव्हती आणि स्वयंचलित सिग्नलच्या भागात काम कसे करायचे याचे पुरेसे मार्गदर्शनही स्टाफला झालेले नव्हते. देशातल्या प्रत्येक लॉबीत ही बातमी वाचली गेली. प्रत्येकाने मनात एकच हिशेब केला: उद्या माझे काही झाले तर दोष आधी माझ्या नावावर लागेल, चौकशी मागाहून. हा हिशेब डोक्यात घेऊन जो माणूस रात्री सिग्नल बघत बसतो, त्याच्या मानेचे स्नायू सैल कसे राहावेत?

आणि ही धास्ती सांगायची कुणाला? रनिंग स्टाफची वैद्यकीय श्रेणी ए-वन. डॉक्टरला सांगितले की महिन्यातले पंधरा दिवस डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, तर तो काय लिहील याची शाश्वती नाही. डिकॅटेगराइज झालो तर इंजिन सुटेल, किलोमीटरचा पैसा सुटेल, पोरांच्या कॉलेजची फी अडेल. नोकरी कायद्याने जात नाही हे खरे, पण घराचे बजेट कायद्यावर चालत नाही. म्हणून माणूस पी.एम.ई.च्या दिवशी छाती काढून "काही त्रास नाही, साहेब" म्हणतो आणि बाहेर येऊन गोळी घेतो. नोकरीला लागताना लखनौच्या आर.डी.एस.ओ.च्या पद्धतीने आपली मानसशास्त्रीय चाचणी घेतली जाते. लक्ष किती टिकते, हात किती चपळ, सगळे मोजतात. म्हणजे गाडी चालवायला मन लागते हे प्रशासनाला भरतीच्या दिवशी कळते. भरतीनंतर ते विसरते.

एक लोको पायलट माझ्या ओळखीचे आहेत. विभाग आणि दवाखाना कुठला ते सांगत नाही. दोन वर्षे रोज दोन-तीन गोळ्या. दवाखान्यात गेले की बी.पी. बघायचे, गोळ्या द्यायच्या, फिट लिहायचे. कुणी एकदाही विचारले नाही की गेल्या महिन्यात किती रात्री घरी झोपलात. शेवटी बाहेरच्या डॉक्टरने सांगितले की आता निम्मी डोकेदुखी गोळीचीच आहे. बंधूंनो, हे नीट ऐका. पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. यावर उपाय आहेत. त्यात गोळी थांबवण्याची रीत आहे, रोज रात्री घ्यायची थोड्या मात्रेची प्रतिबंधक औषधे आहेत, मान-खांद्याचे व्यायाम आहेत, मन शांत करण्याचे शिक्षण आहे. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचे, आणि रनिंग स्टाफने तर विशेष जपून, कारण त्यातल्या काही औषधांनी गुंगी येते.

पोस्टातल्या बंधू-भगिनींना वाटेल की हे सारे इंजिनवाल्यांचे चालले आहे. नाही. काउंटरवरच्या बहिणीकडे लाल सिग्नल नाही, पण फिरत राहणारे चक्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर नवी संगणक प्रणाली आली. प्रणाली अडली की शिव्या खिडकीत बसलेलीने खायच्या. समोर चाळीस माणसांची रांग, मागून पोस्टमास्तरांचा आवाज, आणि टेबलावर टार्गेटचा कागद: इतकी बचत खाती, इतक्या विमा पॉलिसी, इतकी पेमेंट बँकेची खाती. ग्रामीण डाक सेवकाचे काम कागदावर चार-पाच तासांचे, मोबाइलवर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत वॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये "आजचा आकडा पाठवा". रविवारीही. आकडा न पाठवणाऱ्याचे नाव ग्रुपवर टाकायचे, ही नवीच शिक्षा निघाली आहे. कुठल्या नियमावलीत ती लिहिली आहे, हे एकदा विचारले पाहिजे. निम्हान्सच्या पाहणीत स्त्रियांचे दुखणे जास्त का निघाले याची शरीरातलीही कारणे आहेत, पण काउंटर बंद झाल्यावर घरची दुसरी पाळी सुरू होते हेही आपण डोळ्यांनी पाहतो.

आता कायद्याकडे वळू, कारण आपला खरा मुद्दा तिथे आहे. कामाच्या तासांवर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४७ साली निवाडा दिला, त्यातूनच आजचे वर्गीकरण आले. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३० मध्ये "इंटेन्सिव्ह" कामाची व्याख्या वाचा. ज्या कामात सतत एकाग्रता लागते किंवा कष्टाचे अंगमेहनतीचे काम असते आणि ज्यात उसंत नाही किंवा फारच थोडी आहे, ते इंटेन्सिव्ह. त्याला आठवड्याला सरासरी ४५ तास. म्हणजे मनाचा शीण हा शीण आहे, हे संसदेने मान्य केलेले आहे. तो आपण नव्याने सिद्ध करायचा नाही. असे असताना ताशी ११० किलोमीटर वेगात दर सिग्नल वाचणारा लोको पायलट बसतो कुठे? "कंटिन्युअस" वर्गात, ज्याची मर्यादा ५४ तास. सतत एकाग्रता लागणारे याहून दुसरे काम कोणते, हे प्रशासनाने जॉब अ‍ॅनालिसिस करून दाखवावे.

विश्रांतीचे कलम १३३ तर आणखी बघण्यासारखे आहे. इंटेन्सिव्ह आणि कंटिन्युअस वर्गातल्या इतरांना आठवड्याला सलग तीस तासांची विश्रांती. रनिंग स्टाफला मात्र महिन्याला तीस तासांच्या चार, किंवा बावीस तासांच्या पाच. आठवडा हा शब्दच गायब! रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून दिली. हे लोखंडे गिरणीत येण्यापूर्वी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केलेले, म्हणजे आपल्याच दोन्ही खात्यांचे पूर्वज. त्यांनी साच्यावरच्या कामगाराला १८९० साली मिळवून दिलेला आठवडा इंजिनावरच्या कामगाराला कायद्यात आजही नाही. मुख्यालयाची सोळा तासांची विश्रांती वेगळी आणि तीस तासांची नियतकालिक विश्रांती वेगळी, मिळून ४६ तास द्या, ही मागणी घेऊन दक्षिण रेल्वेतले लोको पायलट जून २०२४ मध्ये आंदोलनात उतरले. दोन रात्रींपेक्षा जास्त सलग रात्रपाळी नको, हीही त्यांची मागणी. वर्तमानपत्रांनी ती पगारवाढीच्या बातमीसारखी छापली. ती झोपेची मागणी होती.

इथे थोडे आपल्या चळवळीबद्दल. सप्टेंबर २०२० मध्ये रात्रपाळी भत्त्याला ४३,६०० रुपये मूळ पगाराची मर्यादा घातली तेव्हा देशभर गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. हक्काचा पैसा सोडायचा कशाला? पण मेळाव्यात भत्त्यावर दहा भाषणे होतात आणि रात्रींच्या संख्येवर एक. भत्ता रात्रीची किंमत देतो, रात्र परत देत नाही. १९७४ च्या संपाच्या मागण्यांत आठ तासांची ड्यूटी होती, हे तरुण सभासदांना मुद्दाम सांगायला हवे. त्यांना वाटते तो संप फक्त बोनसचा होता. जागा रिकाम्या ठेवायच्या, राहिलेल्यांकडून दुप्पट काम काढायचे आणि वर भत्त्याचा तुकडा टाकायचा, या व्यवहारात प्रशासन नेहमीच फायद्यात राहते.

एक इशारा मात्र देतो, नाहीतर कुणी म्हणेल की सेक्रेटरीने प्रत्येक डोकेदुखी ताणावर ढकलली. प्रत्येक डोकेदुखी ताणाची नसते. अचानक वीज पडल्यासारखे, आयुष्यात कधी झाले नव्हते असे डोके दुखले, ताप येऊन मान ताठ झाली, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले, दिसेनासे झाले, डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागले, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या प्रकारचे दुखणे सुरू झाले, तर संघटनेकडे नंतर या, आधी दवाखान्यात जा. आणि मन फारच काळोखात गेले, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे. तिथे नोकरी आणि श्रेणी कुणी विचारत नाही.

शाखांनी आता काय करायचे ते सांगतो. प्रत्येक लॉबीत, शेडमध्ये, गेटवर, पोस्ट ऑफिसात एक साधी दोनशे पानी वही ठेवा. नाव लिहायचे नाही. तारीख, ड्यूटी किती वाजता लागली आणि कधी सुटली, आदल्या रात्री किती तास झोप झाली, जेवण कधी मिळाले, डोके दुखले का, गोळी घेतली का, एवढेच. तीन महिन्यांच्या नोंदी ड्यूटीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा. कुठल्या लिंकमध्ये, कुठल्या काउंटरवर, कितव्या सलग रात्रीनंतर गोळ्या वाढतात ते तुम्हाला दिसेल आणि प्रशासनालाही दाखवता येईल. डोकेदुखीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याला निव्वळ तेवढ्यावरून श्रेणीतून काढणार नाही, असे लेखी आश्वासन वैद्यकीय विभागाकडून मागा. विभागीय रेल्वे रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचार तज्ज्ञ बसवा म्हणून मागा. टार्गेटचे ग्रुप सुटीच्या दिवशी बंद ठेवण्याचे परिपत्रक पोस्टाच्या शाखांनी मागावे. रिकाम्या जागांची यादी याच मागणीपत्राला जोडा, वेगळ्या नाही, कारण दोन्हींचा विषय एकच आहे. नोंदवह्यांचे गोषवारे पुढच्या पी.एन.एम.ची विषयपत्रिका देण्याआधी विभागीय कार्यालयात पोचले पाहिजेत. ज्या शाखेला वही छापून हवी असेल तिने कळवावे. साधी वही आणून त्यावर रेघा मारल्या तरी काम भागते.